पणाला लागलेली प्रजा

मावळात पांडवांना तोटा नाही. डोंगरात लेणे दिसले की ते पांडवांनी कोरलेले, कड्यात पाण्याचे टाके दिसले की ते भीमाने काढलेले. कार्ल्याच्या एकवीरेचे देऊळ पांडवांनी एका रात्रीत उभारले आणि प्रसन्न झालेल्या देवीने त्यांना अज्ञातवासात कोणी ओळखणार नाही असा वर दिला, ही गोष्ट चैत्रात पालख्या घेऊन येणाऱ्या कोळी-आगरी मंडळींपासून पायऱ्यांवरच्या हार-नारळवाल्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. देवळाला लागूनच दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध चैत्यगृह आहे. त्याच्या खांबांवर दाते आपली नावे ब्राह्मीत कोरून गेले आहेत, त्यांत धेनुकाकटचे यवनही आहेत. पण कोरलेल्या नावांपेक्षा सांगोवांगीचे पांडव लोकांना जवळचे वाटतात, आणि त्यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या डोंगरांत आलेले हे पांडव सगळे हरल्यानंतरचे आहेत. राजसूय यज्ञ केलेला, मयसभेत मिरवणारा इंद्रप्रस्थाचा सम्राट मावळात कधी आला नाही. आले ते वल्कले नेसलेले, रात्रीतून काम उरकून पहाटे पुढच्या मुक्कामाला निघणारे पाच भाऊ आणि त्यांची बायको. लोकांनी त्यांना घरातल्या माणसांसारखे सामावून घेतले. ते घरादाराला का मुकले, हे कोणी फारसे विचारत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते: शकुनीमामाने फसवले.

हे पुस्तक त्या तयार उत्तराबद्दल आहे. राजा जुगारात राज्य घालवतो तेव्हा दोष कोणाचा? फासे टाकणाऱ्याचा, टाकायला लावणाऱ्याचा, बघत बसणाऱ्यांचा, की दैवाचा? महाभारताने हा प्रश्न फार बारकाईने मांडला आहे. आपण मात्र त्यातला एकच प्रसंग उचलला, वस्त्रहरणाचा, आणि बाकीचे मामाच्या माथी मारून मोकळे झालो.

मामापासूनच सुरुवात करू. शकुनीचे फासे त्याच्या बापाच्या हाडांचे होते, म्हणून ते त्याच्या मनासारखे पडत, ही कथा मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली, तर ही हाडे कुठे सापडत नाहीत. त्या आवृत्तीतले सभापर्व येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केले. ते १९४४ साली निघाले. शकुनी कपटाचा आधार घेऊन खेळला असे तिथे पुन्हापुन्हा म्हटले आहे. कपट नेमके कसले, ते सांगितलेले नाही. उलट जे सांगितले आहे ते युधिष्ठिराला अडचणीचे आहे. शकुनी दुर्योधनाला खेळाआधीच सांगून ठेवतो की याला द्यूताची आवड आहे, पण खेळता येत नाही, आणि बोलावले तर नाही म्हणणार नाही. विदुर निमंत्रण घेऊन जातो तेव्हा युधिष्ठिर स्वतःच म्हणतो की द्यूतातून कलह होतो, तिथे कपटी खेळाडू जमले आहेत. फासे शकुनी टाकणार आणि पण दुर्योधन लावणार हे कळल्यावर, एकाने दुसऱ्यासाठी खेळणे रीतीला धरून नाही, असा आक्षेपही तो घेतो. आणि खेळायला बसतो. फसवलेला माणूस म्हणतात तो असा नसतो. पुढे काय आहे हे ओळखून तो पाटावर बसला होता.

आता डाव बघू. पहिल्यांदा मोत्या-रत्नांचा ऐवज, मग सोन्याच्या नाण्यांनी भरलेले पेटारे, मग रथ. इथवर सगळ्या वस्तू आहेत. पण पहिल्या काही डावांतच माणसे येतात. युधिष्ठिर एक लाख दासी पणाला लावतो. कवी त्यांच्यावर घाईने पुढे जात नाही. त्या तरुण आहेत, हातांत शंखाची कंकणे आहेत, गळ्यात सोने आहे, नाचगाण्यात आणि सेवेत त्या तरबेज आहेत, असे सगळे वर्णन खुद्द युधिष्ठिराच्या तोंडी आहे, आपला माल चांगला आहे हे सांगावे तसे. फासे पडतात, ‘जिंकले’ एवढे एकच शकुनी म्हणतो. त्यानंतर तितकेच दास. मग घोडे, खजिना. मध्ये विदुर कळवळून बोलतो, दुर्योधन त्याला झिडकारतो, आणि खेळ पुन्हा सुरू होतो. अठ्ठावन्नाव्या अध्यायात गुरेढोरे गेल्यावर युधिष्ठिर नगर, जनपद, भूमी आणि प्रजा लावतो. तिथे तो एक अपवाद सांगतो: ब्राह्मणांचे धन वगळून, आणि ब्राह्मण वगळून. बाकीची सगळी माणसे त्या एका डावात गेली. भाऊ त्यानंतर लागले, तो स्वतः त्यानंतर, आणि द्रौपदी सर्वांत शेवटी.

ब्राह्मणांना वगळणाऱ्या त्या ओळीपाशी मी अनेक वर्षे अडखळलो आहे. विकर्ण सभेत द्रौपदीच्या बाजूने उठतो तेव्हा त्याचा एक मुद्दा असा आहे की शिकार, मद्य, द्यूत आणि कामासक्ती ही राजांची व्यसने. त्यांत बुडालेल्या माणसाने केलेले कृत्य केले असे धरू नये. आजच्या न्यायालयात वकील म्हणेल, माझा अशील त्या वेळी शुद्धीवर नव्हता. युधिष्ठिराला वाचवायचा हाच उत्तम मार्ग आहे, आणि कितीतरी मराठी व्याख्यात्यांनी तो धरला आहे. पण ब्राह्मणांचा अपवाद त्याच्या आड येतो. भान सुटलेला माणूस करारात वगळण्याचे कलम घालत नाही. आपल्या नावावर काय आहे आणि काय नाही, काय लावता येते आणि काय नाही, याचा हिशेब त्या क्षणीही युधिष्ठिराच्या डोक्यात चोख चालू होता. म्हणजे उरलेली प्रजा आपली आहे आणि ती लावता येते, असे तो पूर्ण शुद्धीवर असताना मानत होता.

शास्त्राने मात्र तसे मानले नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित यज्ञाची चर्चा आहे. त्या यज्ञात यजमानाने सर्वस्व दान द्यायचे असते. मग राजाने हा यज्ञ केला तर त्याने भूमीही द्यायची का? मीमांसकांचे उत्तर आहे, नाही; भूमी सर्वांना सारखीच आहे. राजाचा तिच्यावर अधिकार आहे तो रक्षणाचा. जे पुण्यकर्मातसुद्धा देता येत नाही ते जुगारात लावता येते, असे कोणता शास्त्री म्हणेल? पण कुरुसभेत हा मुद्दा कोणी काढला नाही. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. तोंड उघडले ते विदुराने, आणि त्याची काळजी होती ती कुळाच्या नाशाची.

द्रौपदीने प्रश्न विचारला म्हणून तरी ती सभा आपल्याला आठवते. प्रातिकामी तिला आणायला जातो तेव्हा ती त्याला परत पाठवते: जा, त्या जुगाऱ्याला विचार की आधी स्वतःला हरलास की मला. कायद्याच्या भाषेत हा प्रश्न इतका नेमका आहे की भीष्मांनाही बगल द्यावी लागली. जो स्वतःचाच धनी राहिला नाही त्याला दुसऱ्याचे काही लावता येत नाही हे खरे, पण बायको नवऱ्याच्या ताब्यात असते हेही खरे, म्हणून धर्म सूक्ष्म आहे, असे म्हणून ते थांबले. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रौपदीवरच ठपका ठेवला. असल्या भयंकर वेळी तिने पंडितेसारखा वाद घालायला नको होता, दयेची आणि लाजेची हाक द्यायला हवी होती, असा इरावतीबाईंचा सूर आहे. ‘युगान्त’ माझ्या आवडत्या पुस्तकांपैकी आहे, पण इथे मी बाईंच्या बाजूला नाही. दयेची हाक ऐकून सभेने फार तर डोळे पुसले असते. प्रश्नाने सभेला कोंडीत पकडले, आणि पुढे धृतराष्ट्राने वर दिले ते त्या कोंडीतून सुटण्यासाठी.

माझी तक्रार असलीच तर उलटी आहे. प्रश्न जितका पुढे जायला हवा होता तितका गेला नाही. द्रौपदी विचारते ते स्वतःबद्दल आणि फार तर घरच्यांबद्दल. तिच्या आधी गेलेल्या लाखभर दासींचा धनी कोण होता, हे तिलाही सुचले नाही. तिच्या स्थानावरून ते सुचणे अवघडही होते. एका दासीचे जिणे म्हणजे काय, हे त्या दुपारी तिला पहिल्यांदा कळत होते. भीमाचे तर त्याहून स्पष्ट आहे. सहदेवाला अग्नी आणायला सांगून थोरल्या भावाचे हात जाळायला निघालेला हाच भीम त्याच दमात म्हणतो की धन गेले, राज्य गेले, आम्ही गेलो, त्याचा मला राग आला नाही, कारण त्या सगळ्याचा तू मालक होतास. जुगारी लोक घरात ठेवलेल्या बायकांनासुद्धा पणाला लावत नाहीत आणि तू द्रौपदीला लावलेस, एवढे सहन होत नाही. राज्याचा मालक थोरला भाऊ, हे भीमाने सहज मान्य केले. बंडखोर भीमालाही जे खटकले नाही ते आपल्याला तीन-चार हजार ओव्या ऐकूनही खटकत नाही, यात नवल कसले.

मुक्तेश्वरांनी सतराव्या शतकात सभापर्व मराठीत आणले, मोरोपंतांनी ते आर्येत बसवले, आणि कीर्तनकारांनी ते गावोगाव नेले. या सगळ्या वाटेवर कथेचा भार हळूहळू द्रौपदीच्या धाव्यावर आणि कृष्णाच्या येण्यावर सरकला. भक्तीच्या दृष्टीने ते साहजिकच होते. एजर्टन यांना सर्वांत जुन्या आणि विश्वासार्ह पोथ्यांत तो धावा सापडला नाही, म्हणून त्यांनी तो मूळ पाठातून वगळला. तिथे वस्त्र पुरवले जाते, पुरवणाऱ्याचे नाव येत नाही. कृष्ण वनपर्वात भेटायला येतो तेव्हा म्हणतो की मी द्वारकेत असतो तर न बोलावताही आलो असतो आणि हे द्यूत थांबवले असते. थांबवणारा मित्र गैरहजर होता, हे ऐकायला बरे वाटते. हजर असलेल्यांचे काय?

नलाख्यानात तो प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला आहे, आणि ते मुद्दाम युधिष्ठिरालाच ऐकवले आहे. वनात बृहदश्व ऋषी त्याला सांगतात, तुझ्याहून दुःखी राजा होऊन गेला. मराठी वाचकाला नळ ओळखीचा आहे तो रघुनाथपंडितांच्या राजहंसामुळे. द्यूत येईपर्यंत आपण स्वयंवरातच रमतो. मूळ आख्यानात नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी खेळायला बसतो, एकामागून एक हरत जातो, आणि एक दिवस नगरातले लोक मंत्र्यांसह राजवाड्याच्या दाराशी येतात. त्यांना राजाला आवरायचे असते. सारथी वार्ष्णेय आत जाऊन दमयंतीला सांगतो, दमयंती नळाला सांगते, नळ उत्तर देत नाही. लोक खजील होऊन घरी जातात. आपला राजा आता उरला नाही, असे म्हणत. ते दोन-चार श्लोकच आहेत. पण महाभारतात जुगारी राजाच्या दारात प्रजा जाऊन उभी राहते ती इथेच. हस्तिनापुरात लोक येतात ते पांडव वनाला निघाल्यावर, रडायला आणि आम्हालाही बरोबर न्या म्हणायला. युधिष्ठिर त्यांची समजूत घालून त्यांना परत पाठवतो. इंद्रप्रस्थातल्या तुमच्यासारख्याच लोकांना मी डावावर लावले होते, हे तो त्यांना सांगत नाही.

नळाच्या कथेला कलीची सोय आहे. कली अंगात शिरला म्हणून नळ खेळला. म्हणूनच सगळे परत जिंकल्यावर तो पुष्कराला माफ करतो, तुझा दोष नाही, ते कलीचे काम होते, म्हणतो. दोष अंगात शिरलेल्या कोणावर तरी टाकण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. आणि नळाने दमयंतीला कधी लावले नाही, असे कौतुकाने सांगणाऱ्यांनी आख्यान शेवटपर्यंत वाचावे. अखेरच्या डावात, फाशांची विद्या हाती आल्यावर, तो दमयंतीसह सगळे पणाला लावतोच. जिंकतो म्हणून आपण त्याला काही म्हणत नाही.

ही विद्या काय होती तेही पाहण्यासारखे आहे. नळ ज्याचा सारथी झाला होता तो ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नळ थांबून मोजतो, आकडा बरोबर निघतो. फासे हे मुळात बेहड्याची फळेच होती. राजमाचीच्या, ढाकच्या बाजूच्या रानात हे झाड आजही आहे. त्रिफळ्यात पडणारे हे फळ वाळले की करड्या मखमलीचे दिसते, हातात घेतले तर पाच अंधूक कडा बोटांना लागतात. वैदिक जुगारी अशा फळांची रास मांडत, मूठ उचलत आणि चाराने भाग जातो का ते बघत. निःशेष भाग गेला तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कली. म्हणजे ज्याला नजरेने झटकन मोजता येते तो जिंकतो. शकुनीने कपट केले असेल नसेल. पण तो मोजण्यात तरबेज होता आणि समोरच्याला मोजता येत नाही हे त्याला ठाऊक होते. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. शकुनीला चांगला वकील मिळाला असता तर तो सुटलाही असता.

युधिष्ठिराच्या बाजूने सांगण्यासारखे एक आहे, आणि ते मोठे आहे. त्याने स्वतः कबुली दिली. वनात भीम तोंडाला येईल ते बोलतो तेव्हा युधिष्ठिर त्याला सांगतो की मी फासे हाती घेतले ते दुर्योधनाचे राज्य हिरावून घ्यावे म्हणून. क्षत्रियाने आव्हान नाकारू नये हे व्रत, धृतराष्ट्राची आज्ञा, दैव, ही कारणे त्याने आधी वेळोवेळी पुढे केली होती. या एका वाक्यात ती सगळी बाजूला पडतात. लोभ होता. धर्मराज म्हणून ज्याला आपण हात जोडतो त्याच्या तोंडचे हे वाक्य मी अजून कुठल्या मराठी नाटकात किंवा मालिकेत ऐकलेले नाही. त्याला निर्दोष ठेवायचे म्हणून आपण त्याचे सर्वांत प्रामाणिक बोलणेच गाळले.

कबुलीनंतर तो सुधारला का? विराटाच्या दरबारात तो कंक नावाने राहतो, आणि धंदा निवडतो द्यूताचाच. एका प्रसंगात विराट खेळायला बसतो तेव्हा कंक त्याला म्हणतो, द्यूतात फार दोष आहेत, युधिष्ठिर नावाच्या राजाने त्यात राज्य आणि भाऊ घालवले हे तुमच्या कानावर आले असेल. थोड्या वेळाने विराट चिडून फासा त्याच्या तोंडावर मारतो. नाकातून रक्त येते. सैरंध्री म्हणून राहणारी द्रौपदी पाण्याचे भांडे घेऊन धावते आणि ते रक्त जमिनीवर पडू न देता झेलते. हा प्रसंग रंगवताना व्यासांच्या चेहऱ्यावर हसू होते की नाही, देव जाणे.

आता इतिहासाकडे वळतो, कारण मावळात राहून हा विषय नुसता पोथीतला ठेवता येत नाही. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावांचे काका राघोबादादा यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले, असे परंपरा सांगते. भीष्मांनी जिथे धर्म सूक्ष्म आहे म्हटले, तिथे शास्त्रीबुवांनी तो ढोबळ करून सांगितला. दादांनी प्रायश्चित्त घेतले नाही. मार्च १७७५ मध्ये त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पेशवाई मिळवून देण्याच्या बदल्यात साष्टी आणि वसई लिहून दिली. वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतली होती, माणसांची फार मोठी किंमत मोजून. चिमाजी अप्पा दादांचे सख्खे काका. काकांनी रक्ताने घेतलेला मुलूख पुतण्याने शाईने पणाला लावला, आणि त्या मुलखातल्या लोकांना कोणी विचारले नाही.

मुंबईकर इंग्रजांची फौज दादांना घेऊन १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट तोफेच्या माऱ्यात पडला. शूर म्हणून मराठ्यांनी त्याला इष्टुर फाकडा म्हटले. वडगावात त्याची समाधी आहे. मराठ्यांनी वाटेतला दाणागोटा आणि चारा जाळत नेला, तळेगावही जाळले. आपलेच गाव आपल्याच सैन्याने जाळणे, हे युद्धाचे शहाणपण होते हे कबूल. तरी ज्यांची घरे जळाली त्यांनी काय खेळले होते? इंग्रज तळेगावी पोहोचले तेव्हा तिथे हाती लागण्यासारखे काही नव्हते. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळ्यात लोटल्या, सामान जाळले आणि माघार धरली. महादजी शिंद्यांनी त्यांना वडगावी कोंडले आणि तह करायला लावला. त्या तहात दादांना मराठ्यांच्या हवाली करायचे ठरले. वॉरन हेस्टिंग्जने तह नाकारला, युद्ध चालू राहिले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे कायम झाली. दादांना महिना २५,००० रुपये नेमणूक मिळाली. ते १७८३ साली कोपरगावी वारले. साष्टी काही परत आली नाही.

मी दादांना युधिष्ठिर म्हणत नाही. त्यांच्यात युधिष्ठिराची कबुली नाही, आणि युधिष्ठिरावर पुतण्याच्या रक्ताचा आरोप नाही. पण पाट तोच आहे: खेळणारा एक, खेळवणारा दुसरा, आणि ज्यांच्यावर डाव लागतो ते तिसरेच, बाहेर शेतात. आणि मराठी आठवणीने दादांशीही तेच केले जे युधिष्ठिराशी केले. इंग्रजांनी फसवले, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला. मामा नाहीतर बायको.

कौटिल्य या बाबतीत रोखठोक आहे. व्यसनांची चर्चा करताना तो नळ आणि युधिष्ठिर यांचा दाखला एका वाक्यात देऊन पुढे जातो, आणि दुसरीकडे द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेवर शेकडा पाच कर बसवतो. मनू म्हणतो, राजाने द्यूत राज्यातून हाकलून द्यावे. या दोघांमध्ये आपले सरकार आजवर डोलत आले. मटक्यावर छापे घालायचे आणि १९६९ पासून राज्याची लॉटरी चालवायची. १९७६ साली कॅसिनोचा कायदा करायचा, तो कधी लागू करायचा नाही, आणि २०२३ साली रद्द करायचा. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर केंद्राने २०२५ साली बंदी आणली, तोवर मोबाइलवरच्या रमीने द्रुतगती मार्गालगतच्या कितीतरी घरांतल्या जमिनीच्या पैशाला वाट करून दिली होती. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या पत्त्यांच्या अड्ड्यांच्या बातम्या आपण चहाबरोबर वाचतो. पण हरणारा शेतकऱ्याचा मुलगा आपले घर घालवतो. त्याच्यावर बोट ठेवायला सगळे पुढे येतात. या पुस्तकात मला रस आहे तो दुसऱ्याचे घर घालवणाऱ्यात.

शांतिपर्वात, शरपंजरी पडलेले भीष्म युधिष्ठिराला सांगतात की काळ राजाला घडवतो की राजा काळाला, याबद्दल शंका ठेवू नकोस. राजाच काळाचे कारण आहे. कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगे राजा आणतो. सभेत त्यांना जे सांगता आले नाही ते बाणांवर सांगता आले. आमचे कीर्तनकार इथे एक गोष्ट जोडतात: भीष्मांचा उपदेश ऐकून द्रौपदी हसते, तेव्हा ही अक्कल कुठे होती म्हणून, आणि भीष्म म्हणतात, दुर्योधनाच्या अन्नाने दूषित झालेले रक्त बाणांनी वाहून गेले, म्हणून आता खरे सुचते. लोकांनी भीष्मांकडून जाब घेतला, हे त्या गोष्टीतून कळते. युधिष्ठिराकडून तसा जाब घेणारी गोष्ट माझ्या तरी कानावर आलेली नाही.

व्यासांनीही तो घेतला नाही, निदान शेवटच्या हिशेबात. महाप्रस्थानात एकेक जण कोसळतो तेव्हा कारणे युधिष्ठिर स्वतः देतो: द्रौपदीचा अर्जुनाकडे ओढा, सहदेवाचा शहाणपणाचा गर्व, नकुलाचा रूपाचा, अर्जुनाची बढाई, भीमाचे खाणे. स्वर्गाच्या दारात त्याला स्वतःला घटकाभर नरक बघावा लागतो, आणि इंद्र कारण सांगतो ते द्रोणाला अश्वत्थाम्याबद्दल दिलेल्या हुलकावणीचे. फाशांचे नाव त्यात नाही. लाखभर दासींचे नाही, न विचारता पणाला लावलेल्या जनपदाचेही नाही.

पुढचे लेख या राहून गेलेल्या नोंदीभोवती फिरतात. पहिला ब्राह्मणांच्या अपवादावर आहे, दुसरा नळाच्या निषध देशाच्या लोकांवर, त्यानंतरचे सुरत आणि वडगावच्या तहांवर. ते कुठल्याही क्रमाने वाचले तरी चालतील. सभापर्व मात्र शेजारी उघडे असावे, आणि ज्यांना द्रौपदीच्या प्रश्नापासूनच वाचायची सवय आहे त्यांनी तिथून दोन अध्याय मागे येऊन सुरुवात करावी.